वयनीचा नंबर

त्या साली आषाढ कोरडा गेला आणि पऱ्हे वाफ्यातच म्हातारे व्हायला लागले. धानाचं रोप पंचवीस दिवसांचं झालं की उपटून बांधीत, चिखल केलेल्या खाचरात, लावायचं, तरच ते नीट फुटतं. आमचं चाळीस दिवसांचं झालं होतं. माझे सासरे देवचंद रोज सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून आभाळाला शिव्या द्यायचे आणि घरी येऊन चहा गार आहे म्हणून मला ऐकवायचे. मग एकदाचं इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सोडलं आणि सगळ्या गावाचा रोवणा, धानाची लावणी, एकाच पंधरवड्यात आला. नेमकी त्याच पंधरवड्यात माझी नणंद खुशबू फ्रेंचची मास्तरीण व्हायला निघाली होती.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळत होते. पोटात आग पडावी तशी जळत होते, आणि ते मी कोणाला दिसू दिलं नाही याचाही मला तेव्हा अभिमान होता.

खुशबू अकरावी-बारावीला नागपूरला मामाकडे राहिली. तिथल्या कॉलेजात फ्रेंच घेतलं की मार्क पडतात म्हणून सगळ्या वर्गाने घेतलं, हिनेही घेतलं. बारावी झाल्यावर सगळ्या वर्गाने ते सोडून दिलं. हिने नाही सोडलं. गावी आली ती एक कागद घेऊन. त्यावर तीन वर्षं बीए, दोन वर्षं एमए, दोन वर्षं बीएड असं खालून वर लिहिलेलं होतं आणि सगळ्यात वर, लाल पेनाने, ‘फ्रेंच शिक्षिका’. तो कागद तिने स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. भाकरी टाकताना मान वळवली की तो माझ्या डोळ्यांसमोर.

“सात वर्षं?” मामाजींनी बोटं मोजली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. “सात वर्षात आंबा लावला तं फळं खाऊन होते.”

“आंबा पगार देते का बाबा?” खुशबू म्हणाली.

मामाजी हसले. मी हसवलं असतं तर हसले नसते.

माझं डीएड झालेलं आहे. तेरा वर्षांपूर्वी, पहिल्या वर्गात. पेटीत सासरच्या शालूखाली सर्टिफिकेट आहे. भरती निघेल निघेल म्हणून चार वर्षं वाट पाहिली, मग लग्न झालं, मग सोनू झाली, आणि भरती निघाली तेव्हा माझ्या हातात पऱ्ह्याच्या पेंड्या होत्या. या घरात मला कोणी कधी मास्तरीण म्हटलं नाही. खुशबूचं अजून पहिलं वर्षही लागलेलं नव्हतं तर गावभर तिचं नाव ‘फ्रेंचवाली मास्तरीण’ झालं. पाहुणे आले की मामाजी तिला बाहेर बोलवायचे. “बोलून दाखव वो जरासं.” ती ओठांचा चंबू करून चार वाक्यं बोलायची, पाहुणे माना डोलवायचे, आणि मामाजी आत तोंड करून सांगायचे, “धनवंता, चाय ठेव.”

माझी सोनू सात वर्षांची. माझ्याजवळ पाढे म्हणायला बसली की तिला झोप येते. आत्याजवळ बसून आठ दिवसांत ती फ्रेंचमध्ये वीसपर्यंत मोजायला शिकली. एकदा रांगोळीचे ठिपके त्याच भाषेत मोजत होती. मी तिला उगीचच एक चापट मारली. काऊन मारलं म्हणून तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. ती चापट मला अजून आठवते.

हैदराबादेतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रवेशाचा फॉर्म होता. प्रवेश परीक्षा खुशबू मे महिन्यातच देऊन आली होती. जूनमध्ये फॉर्म भरायला आम्ही दोघी शेजारच्या गावी टेकचंदच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. मामाजी सोबत आले, कारण पोरगी फॉर्म भरते म्हणजे बापाने उभं राहिलं पाहिजे. टेकचंदने मोबाईल नंबर विचारला. खुशबू सांगायला लागली तर मामाजींनी हात आडवा केला.

“पोरीचा नंबर जगाले कायले देऊन राहिला गा? उद्या कोनाचेबी फोन येतीन.”

“मंग कोनाचा टाकू?”

“सुनेचा टाक. ते लगन झालेली हाये.”

टेकचंद हसला. “ईमेल तरी पोरीचा टाकू का काका? ओटीपी, मेसेज सारं याच नंबरवर येईल, ध्यानात ठेवा.”

“ईमेल टाक. त्याच्यात आवाज नाई येत.”

अशा रीतीने माझा नंबर लागला. पोरीच्या अब्रूची राखण माझ्या मोबाईलकडे आली आणि मला कोणी विचारलंही नाही. तीन दिवसांनी खुशबूचा ईमेलचा पासवर्ड हरवला आणि तोही आठवायची सोय माझ्याच नंबरवर होती, पण आज करू, उद्या करू म्हणत ते तसंच राहिलं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता. तुम्हाला भाषा का शिकवायची आहे, तीनशे शब्दांत लिहा. खुशबूने दोन ओळी लिहिल्या आणि पेन चावत बसली. मग वही घेऊन चुलीजवळ आली.

“वयनी, तुमी लिहून द्या ना. तुमाले मास्तरकीतलं समजते.”

तिला तेवढंच पाहिजे होतं, आणि मलाही कोणी असं विचारावं हेच पाहिजे होतं. मी भात चढवून दिला आणि लिहायला बसले. डीएडच्या दुसऱ्या वर्षी सराव पाठासाठी मला सालेकशाकडच्या एका जंगलातल्या शाळेत टाकलं होतं. दुसरीच्या वर्गात रिंकू नावाची मुलगी होती. तोंडच उघडायची नाही. गुरुजी म्हणाले, मुकी असेल. एक दिवस मी फळ्यावर पाणी लिहिलं, पेला दाखवला आणि तिला विचारलं, तुझ्या घरी याला काय म्हणतात? खूप वेळाने ती म्हणाली, “येर.” गोंडीत पाण्याला येर म्हणतात. मी पाण्याच्या खाली येर लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या रांगेत येऊन बसली आणि मला आग, भात, कुत्रा, पाऊस सगळ्यांना काय म्हणतात ते सांगत सुटली. पंधरा दिवसांत मी तिला मराठी शिकवलं आणि तिने मला गोंडी. माझ्या सगळ्या मास्तरकीत मी एवढंच काय ते केलं. ते मी लिहिलं. खुशबूने त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं. मला वाटलं, माझ्या वयनीला असा अनुभव आला, असं काहीतरी तिने केलं असेल.

मुलाखत मोबाईलवर होती, आणि तिची लिंकही माझ्याच नंबरवर आली. आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर. आमच्या पूर्वजांनी बांधलेली ती पाळ, मामाजी पाहुण्यांना ती हटकून दाखवतात. पाळीवर खुर्ची ठेवली, खुशबू माझा मोबाईल समोर धरून बसली, आणि ऊन लागू नये म्हणून मी मागे छत्री घेऊन उभी राहिले. मोबाईलमध्ये चष्मा लावलेल्या एक बाई आणि एक टक्कल असलेले सर होते. आधी फ्रेंचमध्ये काय काय झालं. मग बाईंनी इंग्रजीत विचारलं, ती पाण्याची गोष्ट सांग.

खुशबू सांगायला लागली. मी एका जंगलातल्या शाळेत गेले होते. मी फळ्यावर लिहिलं. मी तिला विचारलं. तिने मला सांगितलं, येर.

मी, मी, मी. माझं इंग्रजी फार नाही, पण तेवढं समजतं. बाई मोबाईलमध्ये पुढे वाकून ऐकत होत्या. सरांनी काहीतरी लिहून घेतलं. माझी रिंकू, माझा फळा, माझा पेला, आणि ती एकोणीस वर्षांची पोरगी ते सगळं आपलं म्हणून वाटून टाकत होती. माझा छत्रीचा हात हलला आणि खुशबूच्या तोंडावर ऊन आलं. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी छत्री सरळ केली.

घरी येताना खुर्ची तिने उचलली, छत्री मी.

मग पाणी सुटलं आणि रोवणा लागला. आमच्याकडे पाच घरांच्या बाया पारी धरतात. आज केशोरावांच्या बांधीत सगळ्या, उद्या रामलालच्या, परवा आमच्या. ज्या घरून दोन बायांचे हात ठरले तिथून रोज दोन बायांचे हात आलेच पाहिजेत. नाही आले तर त्या घराच्या बांधीतही हात कमी येतात, आणि वरून वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आमच्या घरून माझे आणि खुशबूचे हात ठरले होते. सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच बसले.

रोवणा करणारी बाई दिवसभर मागे मागे सरकते. पुढे लावलेलं दिसतं, मागचा चिखल पायाने चाचपायचा. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी तीन-चार काड्या चिखलात रोवायच्या. दुपारपर्यंत कंबर आपली राहत नाही. बोटांच्या पेरांत चिखल जाऊन चामडी सोलते आणि भाजीला तिखट लावताना त्याची आठवण होते. खुशबू माझ्या शेजारीच रांगेत असायची. नागपूरला दोन वर्षं राहून आलेली, तरी तिचा हात चालायचा. तेही मला खुपलं. निदान रोवण्यात तरी तिने मागे पडावं की नाही?

आमच्या रोवण्याच्या आदल्या दिवशी आम्ही केशोरावांच्या बांधीत होतो. दुपारी जेवणाची शिदोरी आणायला मी घरी निघाले आणि पाळीवरून जाताना कंबरेला पिशवीत बांधलेला मोबाईल वाजला. मेसेज होता. खुशबू देवचंद यांना बीए फ्रेंचमध्ये जागा मिळाली आहे. उद्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत संकेतस्थळावर होकार नोंदवा, ओटीपी याच नंबरवर येईल. न नोंदवल्यास जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल.

मी पाळीवर बसले. तलावात गुडघाभर पाणी होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. मी मेसेज तीनदा वाचला. मग मोबाईल पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, घरी जाऊन शिदोरी घेतली आणि परत आले.

“वयनी, मेसेज आला का वो?” पाणी पिताना खुशबूने विचारलं.

“नाई,” मी म्हटलं.

किती सोपं होतं. चिखलात काडी रोवण्यापेक्षा सोपं. त्या एका शब्दाने मला दुपारभर अशी ताकद आली की माझी रांग सगळ्यांच्या पुढे गेली. केशोरावांची बायको म्हणाली, “धनवंताले आज का झालं वो? मशीनवानी चालून राहिली.” मी हसले.

संध्याकाळी खुशबू काहीतरी आणायचं म्हणून टेकचंदकडे जाऊन आली. आल्यावर गप्प होती. मला वाटलं, दमली असेल. जेवताना मामाजींनीही विचारलं, “आला का वो मेसेज हैदराबादचा?” मी खुशबूकडे न पाहता म्हटलं, “नाई आला जी, मामाजी.” खुशबू भाताचा घास घेत राहिली.

सकाळी माझ्या नवऱ्याने, हिमांशूने, ट्रॅक्टरने शेवटच्या दोन बांध्यांत चिखल केला आणि पाच घरच्या बाया उतरल्या. खुशबू माझ्या उजव्या हाताला. त्या दिवशी तिने मला मेसेजचं एकदाही विचारलं नाही. मला ते बरंच वाटलं. फक्त तिच्या ओळी त्या दिवशी इतक्या सरळ होत होत्या की दोरी लावून केल्यासारख्या, आणि एरवी ती फ्रेंच आकडे पुटपुटत रोवायची ते तिने बंद केलं होतं.

दोन वाजले. तीन वाजले. ऊन तिरपं झालं. मोबाईल माझ्या कंबरेला होता, आणि दर वेळी वाकलं की पोटाला टोचत होता. माझ्या मनात हिशेब अगदी सरळ होता. आणखी दोन तास. पाच वाजले की काही करायला नको, काही बोलायला नको. मेसेज उशिरा दिसला म्हणायचं. इथे रेंज नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

चार वाजता शेवटची बांधी संपली. रोवणा संपला की बाया मालकाला चिखल लावतात आणि बोजारा मागतात. मालक जेवण कबूल करेपर्यंत त्याला सोडायचं नाही. मामाजी धुऱ्यावर उभे होते, पळायचं सोंग करत. बायांनी त्यांना धरलं, गालाला, टकलाला चिखल फासला.

“देतो वो, देतो! कोंबडा देतो!”

“कोंबडे किती ते बोला!”

“दोन! आता सोडा वो माय, डोळ्यात गेलं!”

सगळ्या हसत होत्या. सासूबाई काठी टेकत धुऱ्यावर येऊन बसल्या होत्या. त्या खुशबूकडे पाहून केशोरावांच्या बायकोला म्हणाल्या, “मेसेज नाई आला ते एका परीनं बरंच झालं. पोरगी घरी राहीन. धनवंताले हाताशी कोनी नव्हतं. आता दोघी मिळून रोवतीन. डीएड करून ते घरी, बारावी करून हे घरी. दोघी बरोबर.”

दोघी बरोबर.

मी खुशबूकडे पाहिलं. ती धुऱ्यावर बसून नखांतला चिखल काडीने काढत होती. आणि मला ते लख्ख दिसलं. ही इथे राहणार. दर आषाढात माझ्या उजव्या हाताला. दहा वर्षांनी कोणी हळहळलं की हिच्यासाठीही हळहळेल. बिचारी, फ्रेंच शिकलेली, हुशार होती. माझ्यापेक्षा जास्तच हळहळेल, कारण फ्रेंच मोठं. रिंकूची गोष्ट हिने घेतली ती घेतलीच. आता माझं दुःखही ही घेणार, आणि तेही मला पुरेसं मोठं उरणार नाही. या घरात शिकून वाया गेलेली बाई मी एकटी होते. तेवढं एक तरी माझं होतं.

दया आली म्हणून मी उठले असं कोणाला वाटायला नको. मत्सरानेच उठवलं मला.

“खुशबू, चाल.”

“कुठी?”

“पाळीवर. मेसेज आला. काल दुपारी आला. पाच वाजेलोक टाइम हाये.”

हे मी सगळ्यांसमोर बोलले. मामाजी डोळ्यातला चिखल पुसत होते, त्यांचा हात तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, “काल? मंग काल काऊन नाई सांगलं?” मी पळत सुटले आणि खुशबू माझ्या मागे.

पाळीवर पोचलो तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. माझ्या बोटांना चिखल आणि पाणी, मोबाईलची काच काही घेईना. पदराला पुसलं तर पदरही चिखलाचा. शेवटी मी बोटं डोक्याच्या केसांत पुसली. खुशबूने संकेतस्थळ उघडलं, नंबर टाकला. ओटीपी आला. मी एकेक आकडा वाचत गेले आणि ती टाकत गेली. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग हिरवी खूण आली. जागा पक्की.

आम्ही दोघी पाळीवर बसलो. खाली म्हशी तशाच होत्या.

“मले कालच माहीत होतं,” खुशबू म्हणाली. “टेकचंददादानं नंबर टाकून यादी पायली.”

मला आधी समजलंच नाही. “मंग मोबाईल मागला काऊन नाई?”

“तुमची रिंकू मी न विचारता घेतली. त्या दिवशी छत्री हालली ना, तवाच समजलं मले. म्हनलं, एक दिवस माझंबी काही तुमच्या हातात राहू द्या.”

“आनि मी सांगलंच नसतं तं?”

“साडेचारले हिसकला असता मोबाईल.” तिने नाक पुसलं, तिथे चिखल लागला. “येवढी देवमानूस नाई मी, वयनी.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. नऊ मिनिटं. नऊ मिनिटांवर ती उभी होती आणि सबंध दिवस सरळ ओळी लावत होती.

“मी तुयावर जळते वो,” मी म्हटलं. “आताबी जळून राहिली.”

“माहीत हाये,” ती म्हणाली. “चला, बोजाऱ्याचे कोंबडे कापाले लागतीन.”

सासूबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. मामाजी बोलले, पण त्यांनी खुशबूचा नंबर विद्यापीठात बदलून घ्यायला लावला. लग्न झालेल्या बाईचा नंबरही सुरक्षित नसतो हे त्यांना पटलं. खुशबू आमच्या गाडीने गोंदियाला गेली आणि तिथून रेल्वेने पुढे. पेटी चढवायला मीच वाकले. दारामागचा कागद ती नेणं विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, मला माहीत नाही.

रामलालच्या घरची पारी उरली होती. पऱ्हे कमी पडल्यामुळे त्यांचा रोवणा सगळ्यात मागे पडला. आमच्या घरून दोन बायांचे हात ठरले होते, आणि आता एकच बाई होती. मी दोन दिवस जास्तीचे गेले, तिच्या वाटचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळीवरून शिदोरी घेऊन जात होते तर फोन आला. नवा नंबर.

“वयनी, पहिल्याच दिवशी बाईनं वर्गात सांगाले लावलं, पान्याची गोष्ट सांग. मी सांगलं, ते गोष्ट माझी नाई, माझ्या वयनीची हाये. फॉर्मात खोटं लिहिलं होतं.”

मी पाळीवरच थांबले. “मंग? काढतीन ना तुले!”

“नाई. थोडी बोलली. मंग विचारलं, तुझी वयनी कोन्या शाळेत शिकवते?”

“का सांगलं तू?”

“सांगलं, गावी रोवना करते. मंग म्हने, फळ्यावर येर शब्द बरोबर लिहिला ना आमी, ते तिले विचारून सांग.”

मी म्हटलं, बरोबर आहे. तेवढंच विचारायला फोन केला होता का, तर हो. मग तिची घंटा झाली.

मला आनंद झाला असं म्हणायला पाहिजे. झालाही, थोडा नंतर. पण फोन ठेवल्यावर आधी एवढंच वाटलं की तिची घंटा झाली आणि ती वर्गात गेली. बांधीत बाया माझी वाट पाहत होत्या. मी शिदोरी धुऱ्यावर ठेवली, पदर खोचला, तिच्या जागी पेंडी घेतली आणि मागे सरकायला लागले.